टेक्नो मिक्स करताना लय आणि पट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी कंट्रोलर (डीजेचं ट्रॅक मिसळायचं यंत्र) आलाय, दोन ट्रॅक एकमेकांवर बसवता येऊ लागलेत, पण ‘ठेका बसतोय, तरी कानाला काहीतरी टोचतंय’ असं वाटतंय, अशांसाठी ही उत्तरं आहेत. टेक्नो म्हणजे यंत्रांवर केलेलं, ठेक्यावर चालणारं नाचाचं संगीत. सोयीसाठी बहुतेक ठिकाणी एकच ट्रॅक उदाहरणाला घेतला आहे: वेग १३२ बीपीएम (मिनिटाला १३२ मात्रा), पट्टी एफ मायनर.

टेक्नोत सूर असतातच कुठे? मग पट्टी जुळवायची कशाला?

काही ट्रॅकमध्ये सूर भरपूर असतात, काहींमध्ये जवळपास नसतात, आणि सगळा निर्णय इथूनच सुरू होतो. अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन यांनी १९८०च्या दशकात जे संगीत उभं केलं, त्यात कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) आहेत, स्ट्रिंग्ज आहेत, ऐकून गुणगुणता येईल अशा ओळी आहेत. १९९३ पासून बर्लिनमध्ये ‘बेसिक चॅनल’ या जोडीने डब टेक्नोची जी वाट पाडली, तिच्यात एकच कॉर्ड प्रतिध्वनीत भिजून कितीतरी मिनिटं घुमत राहतो. अशा कॉर्डवर भलत्या पट्टीतला दुसरा कॉर्ड आला, तर ज्याला संगीतातलं काहीही कळत नाही तोसुद्धा नाचता नाचता थबकतो.

याउलट डेट्रॉईटचाच डीजे जेफ मिल्स. तीन टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आणि टीआर-९०९ ड्रम मशीन घेऊन तो भराभर ट्रॅक बदलत जातो. तिथे मुख्य काम तालवाद्यांचं. पट्टीचा प्रश्न फार थोड्या वेळा उभा राहतो.

म्हणून ‘टेक्नोत पट्टी जुळवावी का’ असं सरसकट विचारू नका. असं विचारा: ज्या मिनिटा-दीड मिनिटात दोन्ही ट्रॅक एकत्र वाजणार आहेत, त्या वेळात दोघांकडे एकाच वेळी लांबणारे सूर आहेत का? असतील तर पट्टी जुळलीच पाहिजे. एकाकडेच असतील तर तुम्ही मोकळे आहात. मी हा नियम इतर सगळ्या नियमांच्या वर ठेवतो.

आधी काय शिकावं?

लय. मग आवर्तनं मोजणं. मग बेसची अदलाबदल. पट्टी चौथी. पट्टी अचूक जुळलेली पण किक (मोठ्या ड्रमचा ‘धम्’) घसरलेली, असं मिक्स कुणी सहन करत नाही. किक चपखल बसलेली आणि पट्टी थोडी इकडेतिकडे, हे मात्र निभावतं.

दोन ट्रॅकचे बीपीएम किती जवळ हवेत?

मिक्स चालू असताना तंतोतंत सारखे. १३२ बीपीएमला एक मात्रा सुमारे ४५५ मिलिसेकंदांची असते. दुसरा ट्रॅक १३२.०५ वर असेल, तर एका मिनिटात दोन किकमध्ये साधारण २३ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. तेवढ्यात ‘धम्’चं ‘धधम्’ होऊ लागतं. १३२.१ असेल तर तेच अंतर ४५ मिलिसेकंदांवर जातं आणि मग ते लपत नाही. टेक्नोतली मिक्स लांबलचक असतात, त्यामुळे हा बारीक फरक इथे जास्त छळतो. पट्कन कट मारणाऱ्या शैलीत तो कळलाही नसता.

पिच फेडरची (वेग बदलणाऱ्या सरकपट्टीची) मर्यादा ±६ टक्क्यांवर ठेवा. सीडीजे या डीजेंच्या प्लेअरवर या मर्यादेत एक पाऊल ०.०२ टक्क्यांचं असतं, म्हणजे १३२ला सुमारे ०.०३ बीपीएम. मर्यादा वाढवली की पाऊलही मोठं होतं आणि बारीक जुळवणी हातातून निसटते.

निवडताना मात्र ट्रॅकचे मूळ बीपीएम एकमेकांपासून तीन-चारच्या आत असलेले बरे. कारण पुढे येईलच.

सिंक बटण वापरलं तर चालेल का?

चालेल. लाज वाटण्याचं कारण नाही. पण सिंक, म्हणजे वेग आपोआप जुळवणारं बटण, ऐकत नाही, ते फक्त बीटग्रिड (सॉफ्टवेअरने ट्रॅकवर आखलेल्या मात्रांच्या रेघा) बघतं. ग्रिड चुकलेली असेल, किंवा ट्रॅक जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेला आणि त्यात वेग किंचित हलता असेल, तर सिंक मोठ्या विश्वासाने चुकीचं जुळवून देतं. म्हणून कानाने बीटमॅच करता, म्हणजे दोन ठेके जुळवता, आलंच पाहिजे. दुसऱ्याची यूएसबी, टर्नटेबल, न ओळखीचं यंत्र, यातलं काहीही डीजेच्या बूथमध्ये समोर येऊ शकतं. रोज अर्धा तास स्क्रीनवर कागद चिकटवून सराव करा. कान तयार झाला की मग सिंक दाबा आणि मोकळे झालेले हात ईक्यूवर लावा, म्हणजे लो, मिड, हाय (खालचा, मधला, वरचा आवाज) कमी-जास्त करणाऱ्या बटणांवर.

दुसरा ट्रॅक नेमका कधी सुरू करायचा?

समेवर. चार मात्रांचा एक बार, आणि टेक्नोची बांधणी ८, १६, ३२ बारांच्या खणांत असते. नवी हाय-हॅट (झांजेचा ‘त्स’) येणं, किक निघून जाणं, कॉर्ड उघडणं, हे सगळं बहुतेक वेळा या खणांच्या कडेवर घडतं. तीनतालाची सम ज्याला हातावर मोजता येते त्याला हे शिकवावं लागत नाही. चार बार म्हणजे १६ मात्रांचं एक आवर्तन धरा आणि मोजत राहा.

१३२ला ३२ बार म्हणजे ५८ सेकंद. नवा ट्रॅक जुन्या ट्रॅकच्या खणाच्या पहिल्या मात्रेवर सोडलात, तर दोघांतले बदल आपोआप एकाच क्षणी पडतात. हे जमलं की साधी मिक्सही विचारपूर्वक रचलेली वाटते. आठ बार चुकलात, तर एकाचा ब्रेकडाउन (ठेका थांबतो तो भाग) दुसऱ्याच्या भर जोशात येतो आणि ऐकणाऱ्याला कारण न कळता रसभंग होतो.

कॅमेलॉट चक्र कसं वाचायचं?

घड्याळासारखे १ ते १२ आकडे, प्रत्येकाचे दोन प्रकार: ‘ए’ म्हणजे मायनर, ‘बी’ म्हणजे मेजर. ए मायनर ८ए, सी मेजर ८बी. पुढच्या आकड्यावर जाणं म्हणजे पाचव्या स्वरावर जाणं, सा वरून प वर. आपला षड्ज-पंचम भावच इथे गोल फिरवला आहे. बारा वेळा पंचमावर गेलं की परत मूळ जागी येतो.

आपला एफ मायनरचा ट्रॅक ४ए. त्याच्याशी सहज बसणारे: दुसरा ४ए, अलीकडचा ३ए म्हणजे बी फ्लॅट मायनर, पलीकडचा ५ए म्हणजे सी मायनर, आणि ४बी म्हणजे ए फ्लॅट मेजर. यामागचं कारण साधं आहे. एफ मायनरचे सात स्वर आणि सी मायनरचे सात स्वर यांत सहा सामाईक आहेत. फरक फक्त एकाचा: एकात डी फ्लॅट, दुसऱ्यात डी. ३एच्या बाजूने गेलात तर जीच्या जागी जी फ्लॅट येतो. ४बीमध्ये सातही स्वर तेच, फक्त ‘सा’ बदलतो. म्हणजे हे चक्र एवढंच सांगतं की किती स्वर भांडतील. ते भांडतील की नाही, हे ट्रॅकमध्ये तो स्वर प्रत्यक्ष वापरला आहे का यावर ठरतं.

‘ट्रॅक्टर’ हे डीजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे ‘ओपन की’ नावाची वेगळी मोजणी असते. तिच्यात ए मायनर ‘१एम’ आणि एफ मायनर ‘९एम’. चक्र तेच, सुरुवात वेगळ्या जागी.

हार्मोनियमची पट्टी मला कळते. ती या आकड्यांत कशी बसवू?

मायनरसाठी ही यादी पाठ करा, मोठा उपयोग होतो. पांढरी एक ५ए, काळी एक १२ए, पांढरी दोन ७ए, काळी दोन २ए, पांढरी तीन ९ए, पांढरी चार ४ए, काळी तीन ११ए, पांढरी पाच ६ए, काळी चार १ए, पांढरी सहा ८ए, काळी पाच ३ए, पांढरी सात १०ए.

म्हणजे उदाहरणातला ट्रॅक पांढरी चारचा. थाटाच्या भाषेत सांगायचं तर साधा मायनर म्हणजे आसावरीचे स्वर: ग, ध, नी कोमल. मेजर म्हणजे बिलावल.

टेम्पो वाढवला की पट्टी बदलते म्हणतात. किती?

मास्टर टेम्पो (स्वर न हलवता वेग बदलायची सोय) बंद असेल तर वेग आणि स्वर एकत्रच चढतात-उतरतात, रेकॉर्डवर चढतात-उतरतात तसे. सुमारे ६ टक्के वेग वाढवला की ट्रॅक अर्धा स्वर वर जातो. १२५ बीपीएमचा ए मायनर ट्रॅक १३२.४ वर आणलात की तो बी फ्लॅट मायनर झाला, म्हणजे पांढरी सहाचा काळी पाच. कॅमेलॉटवर ८एचा ३ए: अर्धा स्वर चढणं म्हणजे सात घरं पुढे. उतरताना साडेपाच टक्क्यांच्या थोडं पुढे गेलं की अर्धा स्वर खाली.

सगळ्यात वाईट जागा ३ टक्क्यांची. तिथे ट्रॅक दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे लोंबकळतो. १२८चा ट्रॅक १३२ वर आणलात तर हेच होतं. तो आता कोणत्याच आकड्याचा राहिलेला नसतो, स्क्रीन मात्र कदाचित जुनाच आकडा दाखवत राहते.

१ टक्क्यापर्यंत बहुतेकांना काही जाणवत नाही. २ टक्क्यांना सुमारे ३४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा. लांब कॉर्ड असतील तर तो फरक लहरींसारखा हलताना ऐकू येतो. छोटे, तुटक स्वर असतील तर नाही.

टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर, जे १९७९ साली आलं, फेडर ±८ टक्क्यांचा होता. रेकॉर्ड वाजवणाऱ्यांपुढे मास्टर टेम्पो नव्हताच. त्यांनी पट्टी कानाने शोधली: कोणती रेकॉर्ड कोणत्या वेगाला कोणाबरोबर गोड लागते, हे घरी शोधून पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवायची पद्धत होती. ती आजही उपयोगी आहे. ट्रॅकच्या कॉमेंटमध्ये लिहा.

मग मास्टर टेम्पो कायम चालूच ठेवू?

नको. मास्टर टेम्पो स्वर जागेवर ठेवून वेग बदलतो, त्यासाठी आवाजाचे बारीक तुकडे करून ते ताणतो किंवा आवळतो. एक-दोन टक्क्यांत ते कळत नाही. पाच टक्क्यांच्या पुढे किकची सुरुवातीची धार बोथट होते आणि हाय-हॅट पाणचट वाटू लागतात. हेडफोनमध्ये सुटून जाईल, मोठ्या साउंड सिस्टिमवर सुटत नाही. टेक्नोचा जीवच किकमध्ये आहे, तिचं नुकसान करून पट्टी वाचवणं मला पटत नाही.

माझी वहिवाट अशी: ट्रॅक तालप्रधान असेल तर बंद. कॉर्ड किंवा सुरेल ओळ असेल आणि वेगबदल १ ते ४ टक्के असेल तर चालू. त्याहून जास्त ताणावं लागत असेल तर तो ट्रॅक सेटमधल्या (सलग वाजवायच्या कार्यक्रमातल्या) दुसऱ्या जागेसाठी ठेवायचा.

दोन बेस एकत्र वाजले की आवाज गढूळ का होतो?

आकड्यांत बघू या. टेक्नोतला बेस आणि किकची शेपूट बऱ्याचदा ४० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. एफ हा स्वर तिथे ४३.७ हर्ट्झला बसतो, एफ शार्प ४६.२ला. हे दोन एकत्र वाजले तर आवाज सेकंदाला अडीच वेळा फुगतो आणि ओसरतो. आणि १३२ बीपीएमला किक सेकंदाला २.२ वेळा पडते. म्हणजे फुगवट्याचा आणि किकचा मेळ बसत नाही: एक किक दणदणीत, पुढची पोकळ. नाचणाऱ्यांचे पाय तिथेच अडखळतात.

दोन्ही बेस एकाच स्वरावर असले तरी सुटका नाही, कारण लहरी उलट्या पडल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून कितीही पट्टी जुळो, लो एका वेळी एकाच ट्रॅकचा. ही बाब मी कधीच सैल सोडत नाही.

एक मिक्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजावून सांगाल का?

वाजत असलेला ट्रॅक: १३२, एफ मायनर, ४ए, डब कॉर्ड असलेला. येणारा: १३४, सी मायनर, ५ए, त्यात घुमणारी बेसलाइन आणि वरती एक लांब पॅड (पसरट, लांबणारा सूर).

येणाऱ्याला १३२ वर उतरवायचं, म्हणजे दीड टक्का कमी. मास्टर टेम्पो बंद ठेवला तर तो २६ सेंट उतरेल आणि पॅड कॉर्डशी घासेल. इथे चालू करायचा. दीड टक्क्याला किकचं काही बिघडत नाही.

हेडफोनमध्ये येणाऱ्याची पहिली किक क्यूवर (सुरू करायच्या खुणेवर) ठेवा. गेन (आवाजाची पातळी) आधीच जुळवा, मिक्स सुरू झाल्यावर नाही. वाजणाऱ्यातला ३२ बारांचा खण संपण्याची वाट बघा, समेवर सोडा. लो पूर्ण बंद, मिड अर्धा, हाय थोडा खाली. पहिल्या १६ बारांत फक्त हाय-हॅट वर आणा. लोकांना वाटतं जुन्याच ट्रॅकमध्ये काहीतरी नवं उमललं, आणि तसंच वाटायला हवं.

पुढच्या १६ बारांत मिड. आता कान टवकारा, कारण दोघांचे सूर इथे भेटतात. भांडण झालं तर ते डी आणि डी फ्लॅट यांच्यात होईल. जुन्याचा कॉर्ड डी फ्लॅटवर जात असेल आणि नव्याचा पॅड डी धरून बसला असेल, तर ४ए-५ए हे शेजारी असूनही टोचेल. मग जुन्याचा मिड लवकर उतरवा. किंवा त्याच्या कॉर्डविरहित भागावर चार बारांचा लूप (तोच तुकडा फिरत ठेवणं) धरा, म्हणजे ठेका राहतो आणि कॉर्ड परत येत नाही.

३२ बार पुरे होतात त्या समेवर लो बदला: जुन्याचा बंद, नव्याचा चालू, एकाच हालचालीत. हाच त्या मिक्सचा खरा क्षण. यानंतर जुना ट्रॅक १६ किंवा ३२ बारांत विरघळू द्या, घाई नको.

नवा एकटा उरला की फेडर हळूहळू वर, मिनिटाला एक बीपीएम या चालीने दोन मिनिटांत १३४. कुणाला कळत नाही, पण खोलीतला जोर वाढलेला असतो.

सॉफ्टवेअरने दाखवलेली पट्टी आणि कानाला लागणारी पट्टी वेगळी का येते?

टेक्नोत हे सतत होतं आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं: कितीतरी ट्रॅकमध्ये गंधारच नसतो. फक्त सा, कधी प, आणि आवाजांचे पोत. मेजर की मायनर हे ठरवतो तो गंधार, कोमल की शुद्ध. तो नसेल तर ‘ए’ की ‘बी’ हा सॉफ्टवेअरचा निव्वळ अंदाज.

दुसरं: किकही सुरात असते. ताल सोडून काही नसलेल्या ट्रॅकमध्ये सॉफ्टवेअर किकच्या शेपटीलाच पट्टी समजून आकडा देतं.

तिसरं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. अंधाऱ्या, तणावाच्या टेक्नोत कोमल रिषभ खूप वापरतात, म्हणजे भैरवी थाटाचे स्वर. ई वरून भैरवी वाजवली तर त्यात येणारे सातही स्वर ए मायनरचेच असतात. सॉफ्टवेअरला मेजर आणि मायनर एवढेच दोन साचे माहीत असतात, म्हणून ते ८ए लिहितं, आणि बेस मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ई धरून बसलेला असतो. तुम्ही त्याला ए मायनर समजून डी मायनरच्या, म्हणजे ७एच्या, ट्रॅकला लावलात तर बेस बदलताक्षणी खालची जमीन सरकते. ई बघून ९ए लावलात, तर एफ आणि एफ शार्प भांडतात. अशा ट्रॅकला आकडा देऊन भागत नाही, त्याच्यापुढे ‘बेस ई, कोमल रे’ असंच लिहावं लागतं.

चौथं, जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेले ट्रॅक ४४० हर्ट्झच्या (ए स्वराच्या प्रमाण) मापाला पक्के नसतात. तीस-चाळीस सेंट इकडेतिकडे असतात आणि सॉफ्टवेअर जवळचा आकडा चिकटवून मोकळं होतं.

मग खरी पट्टी शोधायची कशी?

तानपुऱ्याने. फोनवर तानपुऱ्याचं कोणतंही ॲप घ्या, ट्रॅक लावा आणि पट्टी एकेक करत बदला. जिथे ट्रॅकचा बेस तानपुऱ्यात विरून जातो, तो ‘सा’. बहुतेक ॲपमध्ये सेंटची बारीक जुळवणीही असते, त्यामुळे ट्रॅक किती चढा-उतरता आहे तेही कळतं. एकदा का ‘सा’ सापडला की त्यावर सा रे ग म म्हणून बघा, रे कोमल लागतो की शुद्ध, ग आहे की नाही. एका ट्रॅकला दोन मिनिटं लागतात. ज्यांच्या घरात पेटी आहे त्यांनी पेटीवर करावं, आणखी छान.

मराठी घरांत लहानपणी भजनाला, शाळेतल्या प्रार्थनेला पेटीच्या पट्टीत गायलेले कितीतरी जण आज डीजे आहेत. तो कान त्यांच्यापाशी आहेच. तो हेडफोनच्या आत न्यायचा आहे फक्त.

रागांवर आधारलेले इलेक्ट्रॉनिक ट्रॅक या चक्राने मिसळता येतात का?

अर्धेमुर्धे. मुंबईत १९८२ साली चरणजीत सिंग यांनी टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या रोलंडच्या यंत्रांवर राग वाजवून ध्वनिमुद्रित केले. ते संगीत आज जगभरचे डीजे वाजवतात. पण कॅमेलॉट चक्र मेजर-मायनरसाठी आहे. भैरवमध्ये रे आणि ध कोमल, ग आणि नी शुद्ध. चक्रावर त्याला घरच नाही.

इथे ‘सा’ जुळवा, किंवा एकाचा ‘सा’ दुसऱ्याच्या ‘प’वर ठेवा. मूर्च्छना माहीत असेल तर त्याहून सुंदर रस्ता आहे. पांढरी एकच्या भूपाचे पाच स्वर आणि पांढरी तीनच्या मालकंसाचे पाच स्वर एकच आहेत. भूपाची मूर्च्छना गंधारावरून धरली की मालकंस. एकातून दुसऱ्यात गेलात तर एकही स्वर न भांडता सगळा रंग बदलतो. आकडे बघत बसणाऱ्याला हे कधीच सुचणार नाही.

पट्टी अजिबात जुळत नाही, पण पुढे हाच ट्रॅक हवा आहे. काय करू?

जिथे सूर नाहीत तिथे जोडा. टेक्नोत सुरुवातीचा आणि शेवटचा मिनिटभर बहुधा किक आणि हॅटच असतात, ते मुद्दाम डीजेसाठीच ठेवलेलं असतं. तेवढ्यात काम उरका. नाहीतर जुन्या ट्रॅकचा तालाचा लूप धरून त्याचे सूर फिल्टरने उडवा. नाहीतर सरळ कट, समेवर, ब्रेकडाउन संपताना.

सीडीजे-३००० वर आणि बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘की शिफ्ट’, म्हणजे पट्टी सरकवायची सोयही आहे. अर्ध्या स्वरापर्यंत वापरा. त्यापुढे ट्रॅकचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटू लागतो, आणि ज्याने तो केला त्याच्या मेहनतीवर तो अन्याय आहे असं मला वाटतं.

पूर्ण सेट शेजारच्या पट्ट्यांतच ठेवावा का?

तासभर तसंच केलंत तर सगळं सुरळीत होईल आणि कंटाळवाणंही. दोन घरं पुढे जा, म्हणजे एक पूर्ण स्वर वर, ४ए वरून ६ए. किंवा सात घरं, अर्धा स्वर वर, ४ए वरून ११ए. हे बदल झटक्यात आणि सुरांचा संगम टाळून करायचे. रात्रीत दोन-तीनदा पुरे.

सेटमध्ये टेम्पो कसा वाढवत न्यावा?

दीड तासाच्या सेटमध्ये १३० वरून १३६ हा मला योग्य चढ वाटतो. प्रत्येक मिक्सनंतर थोडा थोडा, मिक्स चालू असताना नाही. आपल्याकडे खुल्या जागेत रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून मैदानातले सेट आखूड असतात आणि प्रत्येकाला पहिल्याच ट्रॅकपासून १४० मारायचा मोह होतो. संध्याकाळी साडेपाचला, ऊन असताना, माणसं अजून येत असताना १४० वाजवू नका. तुमच्यानंतर येणाऱ्यासाठी काही शिल्लक राहत नाही.

उघड्यावर वाजवताना घरी जुळणारं तिथे का जुळत नाही?

बहुतेकदा मोठे स्पीकर लांब असल्यामुळे. आवाज दहा मीटरला सुमारे २९ मिलिसेकंद घेतो. हेडफोनमधली किक ताबडतोब कानात, आणि स्पीकरमधली उशिरा. तुम्ही त्या उशिराच्या किकला जुळवत असाल तर प्रेक्षकांना घसरलेलं ऐकू जातं. बूथ मॉनिटर (डीजेसाठीचा स्पीकर) मागून घ्या, जवळ, कानाच्या उंचीवर. तो नसेल तर दोन्ही ट्रॅक हेडफोनमध्येच घेऊन जुळवा.

पिच फेडरच नसेल तर?

गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर १९८०च्या दशकाअखेरीपासून पार्ट्यांत डॅट टेप (डिजिटल कॅसेट) वाजवल्या जात. उष्णतेत आणि धुळीत रेकॉर्ड टिकत नसत, आणि त्या टेपयंत्रांवर वेग बदलायची सोय नव्हती. मग बीटमॅच कसलं? एक ट्रॅक संपता संपता पुढच्याचा बिनठेक्याचा, तरंगता भाग सुरू करायचा. गोवा ट्रान्समधल्या लांब, ठेका नसलेल्या सुरुवाती या पद्धतीला अगदी सोयीच्या. अशा जोडणीत लय आडवी येतच नाही, राहतं ते फक्त पट्टीचं नातं, आणि म्हणून तिथे पट्टी अचूक हवी.

आधीच्या डीजेने १४२ वर सोडलं आणि मला १३२ पासून सुरू करायचंय. कसं?

वरचीच पद्धत. त्याचा शेवटचा ट्रॅक कोणता आणि कोणत्या पट्टीतला हे पाच मिनिटं आधी त्याला विचारून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. त्याच पट्टीतला, किंवा त्याच्या पंचमावरचा, एक बिनठेक्याचा ट्रॅक तयार ठेवा. त्याचा ट्रॅक संपू द्या, टाळ्या त्याच्याच आहेत, त्या त्याला मिळू द्या. मग तुमचा तरंगता सूर मिनिटभर एकटा, आणि त्यातून १३२ची किक.

हे शक्य नसेल तर १४२लाच सुरुवात करून दर ट्रॅकला दीड-दोन बीपीएम उतरा. उतरताना प्रत्येक ट्रॅक आधीच्याहून बेसमध्ये जड निवडा, म्हणजे वेग कमी झाला तरी जोर कमी झाल्यासारखा वाटत नाही. १४२चा ट्रॅक एका झटक्यात १३२ वर ओढू नका: ते ७ टक्के होतात, मास्टर टेम्पो चालू असेल तर किक फाटते, बंद असेल तर ट्रॅक अर्ध्या स्वराहून खाली कोसळतो.